मला आंघोळ घातली त्याची हकिकत

तीर्थरूप (आणि सध्या रागावलेल्या) ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनाने वाकलो असे समजावे. मनाचे सांधे अजून शाबूत आहेत.) तुझी प्रकृती कशी आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला सगळं लख्ख दिसतं, असं भाच्याने फोनवर सांगितलं. ऐकून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली, कारण आजवर माझं अक्षर तू अंदाजाने वाचत होतीस तेच बरं होतं. अंदाज नेहमी मायेच्या बाजूने चुकतो. सूनबाई, नातवंडं खुशाल असतील. धाकट्या नातीचे पुढचे दात आले का? माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. खोकला आहे, पण तो आता घरच्यासारखा झालाय, त्याला कुणी जा म्हणत नाही.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. (तिसऱ्यात 'येतोस की नाही?' एवढंच होतं. एवढ्याशा तीन शब्दांसाठी अख्खं पाकीट! उधळेपणा तुझ्या रक्तातच आहे.) वरची खोली रिकामी झाली, तिला रंग दिला, खिडकीपाशी खाट टाकली, आता पुरे झालं लोकांचं करणं, ये आणि स्वस्थ राहा, असं तुझं म्हणणं. ताई, तुझ्या मायेला तोड नाही. पण येणं जमेलसं दिसत नाही. इथे माझ्यावाचून पान हलत नाही. एक दिवस जरी मी जागेवर नसलो तरी काय अनर्थ होतो, हे तुला पटावं म्हणून गेल्या आठवड्यात जे घडलं ते सविस्तर लिहितो. चष्मा लावून वाच. आता चष्मा लागत नसेल तर नुसतंच वाच.

या कामात मी आपण होऊन आलो नाही हे तुला वेगळं सांगायला नको. बाकीचे कार्यकर्ते भाषणात सांगतात, की अमुक दृश्य पाहिलं आणि काळीज हललं. माझी गादी हलली. नवऱ्याने बाहेर काढलेली ती बाई आपल्या जिन्यात बसली होती, तिला तू हाताला धरून वर आणलंस, आईने तोंड उघडायच्या आत तिच्यापुढे ताट ठेवलंस, आणि माझी गादी तिला देऊन मला ओट्याखाली सतरंजीवर ढकललंस. सकाळी मी कुरकुरलो, तर म्हणालीस, "तुझी गादी गेली, तिचं घर गेलंय. आता रडायचं कुणी ते तूच ठरव." मी शाळकरी पोर, ठरवता आलं नाही, म्हणून सतरंजीची घडी घातली. समाजकार्यात माझा प्रवेश झाला तो असा. मग एकीच्या मागून दुसरी आली, तिसरीच्या मागून एक म्हातारा आला, आईने कपाळाला हात लावला, आणि हे सगळं ऐन रंगात आलं असताना तुझं लग्न ठरलं. बहीण सासरी जाताना भावावर मांजर सोपवून जाते, तशी तू ही माणसं माझ्यावर सोपवून गेलीस. मांजर परवडलं असतं. मांजर घोषणा देत नाही. भावोजी गेल्यावर तू परत येशील, पुन्हा आपण दोघं मिळून हा पसारा बघू, असं मला फार वाटलं होतं. (हे मी तुला कधी बोललो नाही. आत्ताही बोलत नाही, लिहितोय.) पण तुला नातवंडं झाली आणि मला संस्था झाली. दोन्हींना सोडून हलता येत नाही.

आता इथली मांडामांड सांगतो, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. आमचा निवारा म्हणजे पूर्वीचं कापडाचं गोदाम. उभा जिना चढून गेलं की लांबच लांब दालन, दोन्ही भिंतींना खाटा, प्रत्येक खाटेखाली कुलूपबंद पत्र्याची पेटी. म्हातारपणी रस्ता हाच ज्यांचा पत्ता उरला होता, अशी माणसं इथे राहतात. त्यांच्याकडून मी पहिल्या दिवसापासून एक नियम घोकून घेतलाय. बाहेरच्या कुणी येऊन 'हा माणूस कोण' असं विचारलं तर आपण सांगायचं नाही, 'त्यांनाच विचारा' म्हणायचं. कारण कुणाचा मुलगा अंगठा उठवून न्यायला शोधत येतो, कुणा बाईचा नवरा मारायला. माणसाचं सगळं गेलं तरी आपण कोण हे सांगायचं की नाही, एवढं तरी त्याच्या हातात राहावं. हा नियम आमच्या मंडळींत इतका मुरलाय, की मागे एक टपालवाला नवा होता, तो बिचारा या खाटेवरून त्या खाटेकडे फिरत फिरत शेवटी आपलं पाकीट घेऊन जिना उतरून गेला.

दुसरा नियम मदतीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. इथलं कुणी म्हणालं, मी अमुक होतो, मी तमुक होतो, तर खोडून काढायचं नाही. हसून मान डोलवायची. हा नियम मुख्यतः हवालदारासाठी करावा लागला. हवालदार हा (कधीच हवालदार नव्हता, मिशीमुळे नाव पडलं) आमच्याकडचा सगळ्यात जुना माणूस. येईल त्याला तो सांगतो, की ही संस्था त्याने काढली. मला त्याचं काही वाटत नाही. त्याच्या तोंडून संस्थेचा इतिहास ऐकताना कधी कधी मलाच नवी माहिती मिळते.

तर झालं असं, की एका मोठ्या कंपनीची माणसं एक दिवस सेवा करायला येणार होती. त्यांनी सेवा आधीच ठरवून टाकली होती: निराधार वृद्धांना आंघोळ घालणे, केस-दाढी करणे, नवे कपडे चढवणे. त्याआधी त्यांच्या कचेरीत जाऊन मी वर सांगितलेल्या मान डोलवण्याच्या नियमावर व्याख्यानही देऊन आलो होतो. (दिवे मालवून पडद्यावर चित्रं दाखवली. त्यामुळे माझा चेहरा कुणी पाहिला नाही, हे पुढे महागात पडलं.) इकडे आमच्या मंडळींना एवढंच कळलं, की पाहुणे येणार. मग काय विचारतेस! उजाडल्यापासून न्हाणीघरापुढे रांग. साबणाच्या वड्या संपल्या. रेडिओआजीने (ही बाई सतत चालू असते, बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही) एकेकाची नखं तपासली. हवालदाराने मिशीला तेल लावलं. पाहुण्यांसमोर गबाळं दिसायचं नाही, अब्रूचा प्रश्न आहे, असा ठरावच झाला म्हण ना. नऊ वाजता आमचे सगळे निराधार आपापल्या खाटेवर असे चकाचक बसले होते, की त्यांच्यापुढे आधार असलेली माणसं मळकी वाटावीत.

आणि एवढी सगळी आंघोळ एका मोरीला झेपली नाही. मोरी तुंबली. खाली अंगणात गटाराचं झाकण काढून बघायला हवं होतं, सफाई करणारा आजारी होता, आणि आमच्या व्यवस्थापकबाई (फार चटपटीत, मी ज्यासाठी तीन सभा घेतो ते त्या एका फोनवर उरकतात) कसल्याशा परवानगीसाठी सरकारी कचेरीत गेल्या होत्या. मग मीच जुना शर्ट घातला, बांबू घेतला आणि उतरलो. बांबू गटारात गेला, त्याच्या मागोमाग माझा पाय गेला, आणि पायाच्या मागोमाग बाकीचा मी गेलो. फार खोल नव्हतं, पण जेवढं होतं तेवढं पुरलं. चप्पल आतच राहिली. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून धापा टाकतोय, तोच फाटकापाशी बस थांबली आणि पिवळ्या टी-शर्टांची फौज उतरली.

त्यांची अवस्था समजून घे. ती माणसं वर जाऊन आली. बादल्या, टॉवेल, वस्तरे, सगळं हाताशी, आणि आंघोळ घालायला एक माणूस मळका नाही! त्यांच्या म्होरक्या बाई, कंपनीत माणसं नेमण्याचं आणि काढण्याचं काम करतात, त्या हिरमुसून खाली आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. दुष्काळात विहिरीला पाणी लागावं, तसा त्यांचा चेहरा फुलला. "आजोबा, घाबरू नका हं," असं म्हणत दोघा धट्ट्याकट्ट्यांनी मला दंडाला धरून वर नेलं. मी म्हटलं, अहो, मी ही संस्था चालवतो. बाईंनी हसून मान डोलवली. मी म्हटलं, मी काढली आहे ही संस्था. त्यांनी आणखी हसून आणखी मान डोलवली आणि सोबतच्यांना हळूच म्हणाल्या, "व्याख्यानात सांगितलं होतं ना, अगदी तसंच." शिकवलेलं शिष्यांनी इतकं तंतोतंत पाळावं हे शिक्षकाचं भाग्य. ते भाग्य मी डोळ्यांत साबण जात असताना भोगलं.

बाईंना शंका आलीच नाही असं नाही. न्हाणीघराच्या दारातून त्यांनी रेडिओआजीला विचारलं, या आजोबांना तुम्ही ओळखता का? ताई, ज्या बाईने मला आलेल्या सर्दीची बातमीसुद्धा रस्त्याच्या टोकापर्यंत पोचवली होती, ती बाई जन्मात पहिल्यांदा दोन शब्दांत थांबली: "त्यांनाच विचारा." पुढच्या खाटेवरच्याला विचारलं. त्यांनाच विचारा. हवालदाराने तर मिशीवर हात फिरवून, सावधान उभं राहून सांगितलं. सगळं दालन माझ्या शिकवणीला जागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणाच्या नावाने?

माझे केस कापले ते कंपनीच्या हिशेबनिसाने. माणूस प्रामाणिक. डावी बाजू उजवीशी जुळेना, म्हणून तो दोन्हीकडून आळीपाळीने कमी करत गेला, आणि अखेर ताळा जमला तेव्हा डोक्यावर जुळवायला काही उरलं नव्हतं. मग मला एक नवाकोरा स्वेटर चढवला (पिवळाच, छातीवर कंपनीचं नाव), पायमोजे घातले, खाटेवर बसवलं, आणि बाई स्वतः माझं डोकं पुसायला बसल्या. पुसता पुसता विचारत होत्या. जेवलात का? कुठे दुखतंय का? झोप लागते का? हे प्रश्न, ताई, मी पाठ करून घेतलेले, नव्या माणसाला याच क्रमाने विचारायचे म्हणून. आजवर शेकड्यांनी माणसांना विचारले असतील. माझ्याकडे तोंड करून ते कसे ऐकू येतात, हे मला कधी कळलंच नव्हतं. आणि मग शेवटचा आला, तो नेहमी शेवटीच विचारायचा असतो: "तुमचं कुणी आहे?"

मी म्हटलं, आहे तर. ताई आहे.

बाईंनी विचारलं, त्यांना माहीत आहे का तुम्ही असे इथे राहता ते. मी म्हटलं, माहीत आहे, बोलावते सारखी, खोलीला रंग देऊन ठेवलाय. "मग जात का नाही आजोबा?" त्या टॉवेलने कानामागे पुसत होत्या. तू शाळेत धाडताना एका हाताने माझी हनुवटी अशी पकडायचीस, की गालाला बोटं उमटायची, आणि दुसऱ्या हाताने भांग पाडायचीस, आणि मी हललो तर कंगवाच डोक्यात मारायचीस. ते मी त्यांना सांगायला लागलो. तुझ्या वेणीला मी दप्तराचा पट्टा बांधला होता ते सांगितलं. तू सासरी निघालीस त्या दिवशी मी कोळशाच्या खोलीत लपून बसलो आणि तू मला न भेटताच गेलीस, तेही सांगितलं. बाई रडायला लागल्या. मला वाईट वाटलं, म्हणून सोबतीला मीही रडलो. तुझी फार आठवण येते, ताई. कामाच्या गडबडीत ती दिवसभर बाजूला उभी असते, कुणी 'कुणी आहे का' असं विचारलं की पुढे येते.

जेवणानंतर छोटा समारंभ होता. बाईंनी पुकारलं, की आता संस्थेचे संस्थापक दोन शब्द बोलतील. मी उठलो. दोन पिवळ्यांनी प्रेमाने माझे खांदे दाबले आणि खाली बसवलं, "आजोबा, बसा, आत्ताच आंघोळ झालीय, वारं लागेल." तोवर हवालदार तरातरा पुढे गेला आणि माईक हातात घेतला. गडी काय बोलला सांगू? म्हणाला, "मला घर नव्हतं, म्हणून मी ही संस्था काढली. मी नसतो तर माझं काय झालं असतं?" आणि नमस्कार करून खाली बसला. टाळ्या थांबेनात. एवढ्या वर्षांत संस्थेवर इतकं नेटकं भाषण मला जमलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगेत बसून.

व्यवस्थापकबाई परतल्या तेव्हा बस निघून गेली होती. माझा पिवळा अवतार बघून त्या जिन्यातच बसल्या आणि पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "काका, खरंच आता थोडी विश्रांती घ्या ना." मी चिडलो. विश्रांती घेऊन कसं चालेल? बघितलंस ना तू, व्यवस्थापक अर्धा दिवस बाहेर आणि मी गटारात, एवढ्यात संस्थेचा संस्थापकच बदलला! तेव्हा माझा नाइलाज समजून घे, खोली सूनबाईंना सामान ठेवायला दे, आणि रागावू नकोस. भाच्याला आणि सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांचे गालगुच्चे.

तुझाच, 
धाकटा

ता. क.: वर एक गोष्ट लिहायची राहिली. आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना नियमबियम काही मान्य नाही. मला दंडाला धरून आणताना त्या डाव घेऊन बाहेर आल्या होत्या आणि "अहो, हे तर आमचे..." असं म्हणायलाही लागल्या होत्या. मीच त्यांना डोळ्यांनी दटावून आत पाठवलं. का, ते विचारू नकोस. पाणी छान कढत होतं, आणि माझ्या डोक्यावरून दुसऱ्या कुणी पाणी घालून जमाना झाला होता.

आणखी एक ता. क.: माझ्यावाचून पान हलत नाही असं वर लिहिलंय ते खोडून टाकणार होतो, पण कागद खराब दिसला असता. मी खाटेवर बसलो होतो तेवढ्या वेळात मोरी मोकळी झाली, जेवणं वेळेवर झाली, परवानगीही मिळाली. पानं भराभर हलत होती. मी बघत होतो.

शेवटचा ता. क.: पिवळ्या टी-शर्टाच्या बाईंना अजून पत्ता नाही. काल त्यांचा संस्थेत फोन आला. मीच घेतला. विचारत होत्या, "त्या आजोबांना न्यायला त्यांची ताई आली का हो?" मी संस्थेच्या आवाजात सांगितलं, कळवलं आहे, येतील. तेव्हा आता माझी अब्रू तुझ्या हाती. मला एकट्याला यायला काही अवघड नाही. बस कुठून सुटते माहीत आहे, सामान म्हणशील तर एक पेटी. तरी तू न्यायला ये. इथे कुणाला घरचं न्यायला आलं की फाटकावरचा माणूस खालून ओरडतो, "तुमचं माणूस आलंय!" आणि सगळं दालन हातातलं टाकून उठतं. ज्याच्यासाठी हाक असते तो आधी सदऱ्याची बटणं लावायला लागतो, आणि ती त्याला लागत नाहीत. मी कितीजणांची लावून दिलीत. तुझ्याही गुडघ्याचं कारण सांगू नकोस, तुला जिना चढावा लागणार नाही. तू फक्त फाटकाशी उभी राहा आणि त्या माणसाला सांग, की मी त्याची ताई आहे. हाक ऐकली की मीच खाली येतो.